थेरपी आठवड्यातून दोनदा, बालवाडी रोज

स्वमग्न मुलाला प्रवेश नाकारताना बालवाड्या सहसा एकच वाक्य वापरतात: 'आमच्याकडे तशी सोय नाही हो, तुम्ही एखादी स्पेशल शाळा बघा.' वाक्य सौम्य असतं, बहुतेकदा मनापासूनही असतं. पण बालवाडीच्या स्वतःच्या इतिहासाकडे पाहिलं तर ते टिकत नाही. खाचांत बसवायचे दट्टे, खरखरीत कागदाची अक्षरं, हाताला कळणारे वजनाचे आणि पोताचे फरक, ही साधनं मुळात अपंग मुलांबरोबरच्या कामातूनच निघाली. मारिया माँटेसरी १९०० च्या सुमारास रोममध्ये 'मतिमंद' म्हणून वेगळ्या काढलेल्या मुलांना शिकवत होत्या, तेव्हा त्यांनी ईतार आणि सेगँ या दोन फ्रेंच डॉक्टरांच्या कामाचा आधार घेतला. जंगलात सापडलेल्या ज्या व्हिक्टरला ईतार शिकवायला बसले, तो मुलगा स्वमग्न असावा, असं ऊटा फ्रिथ यांच्यासारख्या अभ्यासकांचं मत आहे. पुढे ही पद्धत गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्याकडून भावनगरात रुजली. ताराबाईंनी १९४५ मध्ये अनुताई वाघांच्या साथीनं ती बोर्डीच्या पाड्यांवर नेली. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीनं त्याच्या अंगणात जायचं, हा त्यांचा हिशेब. म्हणजे आज ज्या मुलाला बालवाडी परत पाठवते, तसल्याच मुलांनी ती घडवली आहे.

स्वमग्नतेचं वर्णन लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये केलं. २०१३ पासून तिचे पूर्वीचे वेगवेगळे प्रकार 'ऑटिझम स्पेक्ट्रम' या एकाच छत्राखाली आले. माणसांशी देवघेव करण्याची निराळी तऱ्हा, ठरावीक गोष्टींचा आणि क्रमाचा आग्रह, आवाज-स्पर्श-वासाला कमी किंवा फार तीव्र प्रतिसाद, हे तिचे मुख्य धागे. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज बराच काळ शंभर मुलांमागे साधारण एकाचा होता. कांग्रा, पलवल, ढेंकानाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा अशा पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची पाहणी झाली होती. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले तेही साधारण याच आकड्याच्या आसपास. मेंदूच्या वाढीशी निगडित कोणती ना कोणती अडचण तर जवळपास आठांतल्या एका मुलाला असल्याचं त्याच पाहणीत दिसलं. महाराष्ट्रात लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. शंभरात एक हे प्रमाण धरलं, तर तीन-चार अंगणवाड्यांमागे एखादं मूल सहज असणार. ते पटावर 'लाजाळू' किंवा 'हट्टी' म्हणून असेल, नाहीतर पटावरच नसेल.

ओळखायला उशीर होतो आणि उशिराची कारणं घराघरांत सारखीच असतात. 'मुलगे उशिराच बोलतात', 'ह्याचे बाबाही चार वर्षांपर्यंत बोलत नव्हते', 'घरात एकटाच आहे ना, बोलणार कुणाशी?' यात आता नवी भर पडली आहे. अडीच वर्षांचं मूल मोबाइलवर पाहून इंग्रजी बाराखडी तोंडपाठ म्हणतं, शंभरापर्यंत आकडे ओळखतं, लिफ्टचे मजले उलटे मोजतं. घरचे कौतुकानं पाहुण्यांपुढे म्हणायला लावतात. तेच मूल तहान लागली तर पाणी मागू शकत नाही, आईचा हात धरून माठापाशी नेतं, बोट मात्र दाखवत नाही, हे कौतुकाच्या भरात सुटून जातं. बोट न दाखवणं, हाकेला न वळणं, आवडलेली वस्तू दुसऱ्याला 'बघ' म्हणून न दाखवणं या दीड-दोन वर्षांच्या वयातल्या खुणा बोलण्यापेक्षा जास्त भरवशाच्या आहेत. मुली अनेकदा या चाळणीतूनही निसटतात. गप्प बसणारी मुलगी आपल्याकडे गुणाचीच समजली जाते.

सरकारी चाळणी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला, तोही बोर्डीपासून फार लांब नसलेल्या पालघरातून. त्याची फिरती पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतात आणि शंका वाटलेल्या मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे धाडतात. कागदावर साखळी पूर्ण आहे. पण एका दुपारी चाळीस मुलांची वजनं, दात, डोळे आणि त्वचा पाहणाऱ्या डॉक्टरला, अनोळखी माणूस पाहून कोपऱ्यात गेलेलं मूल आणि हाकेला कधीच न वळणारं मूल यांतला फरक दिसावा कसा? तो रोज पाहणाऱ्या सेविकेलाच दिसतो. तिचं म्हणणं पथकानं आधी ऐकावं, एवढा बदल झाला तरी वर्ष-दीड वर्ष वाचेल.

उपचारांचा इतिहास फारसा भूषणावह नाही. ब्रूनो बेटेलहाइम यांच्यासारख्यांनी आईच्या थंडपणावर खापर फोडलं आणि एका पिढीच्या आयांना गुन्हेगार केलं. बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ मध्ये तो समज खोडून काढला. पण 'आई नोकरी करते म्हणून' हे वाक्य आपल्याकडे अजून जिवंत आहे. १९८७ मध्ये ओ. इव्हार लोवास यांनी एकोणीस मुलांना आठवड्याला चाळीस तास वर्तनोपचार दिल्याचा निबंध प्रसिद्ध केला आणि त्यांतली नऊ मुलं इतरांसारखी झाल्याचं सांगितलं. त्या पद्धतीत मांडीवर चापट मारणंही बसत होतं, हे पुढे अनेक वर्षं कुणी मोठ्यानं बोललं नाही. 'चाळीस तास' हा आकडा मात्र जगभर पसरला. मुंबई-पुण्यात आजही पालक घर गहाण टाकल्यासारखे तास विकत घेतात. मायकेल सँडबँक आणि सहकाऱ्यांनी शेकडो अभ्यास एकत्र करून २०२० आणि २०२३ मध्ये जे पाहिलं, त्यात खेळातून, रोजच्या व्यवहारातून, मुलाच्या पुढाकारानं चालणाऱ्या पद्धतींना तुलनेनं चांगला आधार मिळाला; बऱ्याच अभ्यासांचा दर्जा मात्र यथातथाच निघाला. २०२४ मधल्या त्यांच्या पुढच्या विश्लेषणात तास वाढवले की परिणाम वाढतो, असा संबंध सापडला नाही. पालकांना हे कोणी सांगायचं? तास विकणारा तर सांगणार नाही.

या सगळ्यात आपल्या मातीतला एक प्रयोग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गोव्यातली 'संगाथ' ही संस्था आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीतले संशोधक यांनी मिळून केलेला हा अभ्यास २०१६ मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त आला. इंग्लंडमध्ये वाचा-तज्ज्ञ जी पद्धत वापरत, ती इथं तज्ज्ञ नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांच्या हाती दिली. पासष्ट मुलं, सहा महिने, बारा बैठका, बहुतेक घरीच. पद्धत दिसायला अगदी साधी. आई मुलाबरोबर दहा मिनिटं खेळते, कार्यकर्ती त्याचं चित्रण करते, मग दोघी ते बसून पाहतात. आपल्या घरांत असं चित्रण केलं तर पहिल्या मिनिटात काय ऐकू येईल ते सांगायला ज्योतिषी नको: 'हे काय आहे? रंग सांग. रंग सांग ना! कावळा कसा करतो? इकडे बघ.' मूल गाडी उलटी धरून चाक फिरवत असतं आणि प्रश्नांचा मारा वाढला की पाठ फिरवतं. कार्यकर्ती आईला चुका दाखवत नाही. ज्या दोन सेकंदांत मुलानं वर पाहिलं, ती जागा थांबवून विचारते: इथं तुम्ही काय केलंत? बहुतेकदा उत्तर असतं, 'काहीच नाही, गप्प होते.' तिथून आई शिकते की त्याच्यासमोर बसायचं, तो फिरवतोय तेच चाक पाहायचं, 'फिरलं' एवढंच म्हणायचं, आणि थांबायचं. मुलं आपणहून संवाद सुरू करण्याचं प्रमाण या गटात वाढलं. एकत्र लक्ष देण्याचा एकूण वेळ मात्र उलट थोडा कमी झाला, हेही संशोधकांनी लपवलं नाही. चमत्कार झाला नाही. पण हे काम तज्ज्ञाशिवाय होऊच शकत नाही, या समजुतीला धक्का बसला.

माझा मुद्दा इथंच आहे. जे काम प्रशिक्षित कार्यकर्ती आणि आई करू शकतात, ते अंगणवाडीची सेविका आणि मदतनीसही करू शकतात, कारण मूल आठवड्यातून दोनदा पाऊण तास थेरपिस्टकडे असतं आणि सहा दिवस सकाळभर यांच्याकडे. आपली सगळी व्यवस्था, पैसा आणि पालकांची धावपळ मात्र त्या पाऊण तासाभोवती उभी आहे.

बालवाडीत नेमकं काय करायचं, याची उत्तरं अवघड नाहीत. उत्तर कॅरोलायनात एरिक शॉप्लर यांनी १९७२ मध्ये सुरू केलेल्या 'टीच' कार्यक्रमाचा गाभा एवढाच आहे की पुढे काय होणार आहे, ते मुलाला डोळ्यांनी दिसू द्यावं. भिंतीवर मुलाच्या उंचीवर एक पट्टी, तिच्यावर चार चित्रं: गाणी, ठोकळे, हात धुणं, खिचडी. एक झालं की ते चित्र काढून खालच्या खिशात. 'आता आणखी थोडा वेळ' या शब्दांना या मुलांच्या लेखी काही अर्थ नसतो. उरलेली दोन चित्रं मात्र कळतात. रोजचा क्रम बदलायचा असेल, म्हणजे वजनाचा दिवस असेल किंवा पाहुणे येणार असतील, तर पट्टीत तेही चित्र सकाळीच लावायचं. रडारडीचा मोठा भाग इथंच कमी होतो.

आवाजाचं काय? पत्र्याच्या छताची एकच खोली, चाळीस मुलं, कुकरच्या शिट्ट्या आणि पावसाळा असेल तर वरून पत्र्यावर धो धो. अशा खोलीत कान झाकून बसलेलं मूल हट्टी नसतं. कपाट आणि भिंत यांच्यामध्ये चटई टाकून एक शांत कोपरा करता येतो. तिथं जाणं ही शिक्षा नाही, हे बाकीच्या मुलांनाही माहीत हवं. शिट्टीच्या आधी मुलाला ओसरीत न्यायला मदतनीस पुरते. स्नेहसंमेलनात चमकीचा टोचणारा ड्रेस आणि स्पीकरशेजारची जागा, हे दोन्ही टाळलं तर कुणाचं काही बिघडत नाही. गोलात मांडी घालून बसण्याचा आग्रह तर खुशाल सोडून द्यावा. कडेला उभं राहून, हाताशी चाक फिरवत गाणं ऐकणारं मूल ऐकतच असतं. महिन्याभरानं तेच गाणं घरी गुणगुणतं आणि आई सेविकेला विचारायला येते.

खाण्यावरून मात्र खरोखर पेच पडतो. काही मुलं फक्त पांढरा भात खातात, काही फक्त कुरकुरीत. पिवळ्या खिचडीतला जिऱ्याचा दाणा पाहून ताट लोटतात. जबरदस्तीनं भरवलं तर उद्या ते मूल ताट दिसताच बाहेर पळतं. पळण्यावरून आठवलं: ही मुलं न सांगता निघून जातात, आणि पाण्याची ओढ अनेकांना असते. अंगणवाडीजवळ विहीर, नाला किंवा रस्ता असेल तर दाराला वरची कडी ही कुठल्याही थेरपीआधी लागते.

बोलणं नसेल तर मागणं शिकवता येतं. अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये डेलावेअरमध्ये तयार केलेली चित्र-देवाणघेवाणीची पद्धत पहिल्या पायरीला दोन मोठी माणसं मागते. मुलाला आवडणारा राजगिऱ्याचा लाडू सेविकेच्या हातात, लाडवाचं चित्र मुलापुढे. मूल लाडवाकडे झेपावतं, तेव्हा मागे बसलेली मदतनीस एक शब्दही न बोलता त्याचा हात चित्राकडे आणि तिथून सेविकेच्या तळव्याकडे नेते. चित्र हातात पडताक्षणी सेविका 'लाडू!' म्हणते आणि लाडू देते. 'मागशील तर देईन', 'नीट बोल' असलं काही नाही. मागची मदत हळूहळू कमी करायची. अशानं मूल आळशी होईल, बोलणारच नाही, ही भीती पालकांना हमखास वाटते; अभ्यासांत तसं दिसलेलं नाही. फोन असेल तर मुंबईच्या आयआयटीत तयार झालेलं 'जेलो' हे मराठीतही चालणारं मोफत अॅप आहे.

काही मुलं बोलतात, पण ऐकलेलंच परत म्हणतात. 'तुला पाणी हवंय का?' असं मूलच म्हणतं, आणि त्याला पाणी हवं असतं. त्याला पूर्वी निरर्थक पोपटपंची समजत. बॅरी प्रिझंट यांच्या १९८० च्या दशकातल्या कामानंतर ते संवादाचंच रूप मानलं जातं. अशा वेळी 'मी विचारलं, तू उत्तर दे' असं दटावण्यापेक्षा सेविकेनं त्याच्या बाजूनं 'मला पाणी हवंय' म्हणावं आणि पेला द्यावा. भाषेचाच आणखी एक घोळ आहे. घरी मराठी किंवा अहिराणी, नर्सरीत इंग्रजी, थेरपिस्टकडे हिंदी-इंग्रजी. मग कुणीतरी सल्ला देतं: एकच भाषा ठेवा, इंग्रजी. आजी नातवाशी बोलायची बंद होते. दोन भाषा ऐकल्यानं स्वमग्न मुलांचं बोलणं आणखी लांबतं, असं संशोधनात आढळलेलं नाही. ज्या भाषेत घर त्याच्याशी खेळतं, भांडतं, लाड करतं, ती काढून घेण्याचा सल्ला मला तरी निव्वळ निर्दय वाटतो.

शहरातल्या खासगी बालवाड्यांनी वेगळा तोडगा काढला आहे: 'शॅडो टीचर आणा, मग प्रवेश.' म्हणजे फक्त त्या एका मुलासोबत बसणारी मदतनीस, आणि तिचा पगार पालकांनी द्यायचा. चांगली शॅडो टीचर हळूहळू मागे सरते. बहुतेक ठिकाणी मात्र ती मुलाची आणि वर्गाची फाळणी करते. शिक्षिका त्याच्याशी थेट बोलेनाशी होते, मुलंही तिच्याकडूनच परवानगी घेऊन त्याच्याशी खेळतात. इंग्लंडमध्ये पीटर ब्लॅचफर्ड यांच्या गटानं २००९ मध्ये मदतनीस शिक्षकांचा मोठा अभ्यास केला. ज्या मुलांना त्यांची सर्वाधिक मदत होती, त्यांची प्रगती कमी दिसली. तो अभ्यास शाळांचा आणि सर्व तऱ्हेच्या मुलांचा होता, तरी त्यातलं कारण आपल्याकडे जसंच्या तसं लागू पडतं: गरजू मूल सर्वांत कमी शिकलेल्या माणसावर सोपवून शिक्षक मोकळा होतो.

आणि बाजार आहेच. स्टेम सेलची इंजेक्शनं लाखो रुपयांना विकली गेली, तेव्हा डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाला स्वमग्नतेसाठी हा उपचार शिफारसयोग्य नाही, असं लेखी सांगावं लागलं. ज्या गावात बालवाडी मुलाला ठेवून घेत नाही, तिथला बाप जमीन विकून मुंबईची वाट धरतो, यात नवल काय?

कायद्याची गंमत अशी की तो या मुलांपर्यंत पोहोचतो तेव्हा ती सहा वर्षांची झालेली असतात. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचं नावच नव्हतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आलं, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत पक्कं झालं. पण मोफत शिक्षणाचा हक्क त्या कायद्यात सहा ते अठरा वर्षांचा आहे आणि तोही चाळीस टक्क्यांच्या प्रमाणपत्रावर. शिक्षण हक्क कायदाही सहापासूनच. 'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेतले विशेष शिक्षक शाळांसाठी आहेत; अंगणवाडी महिला व बालविकास खात्याची. मिठू अलुर यांनी १९९० च्या दशकाअखेर आपल्या प्रबंधात दाखवलं होतं की अंगणवाड्या चालवणारी एकात्मिक बालविकास योजना 'सर्व मुलांची' म्हणवते, पण अपंग मूल तिच्या नोंदीत दिसतच नाही. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, २८ नोव्हेंबर २०२३ रोजी, केंद्रानं दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल आणला: खुणा ओळखा, मुलाला सामावून घ्या, पुढे पाठवा. दस्तऐवज चांगला आहे. पण पुढच्याच आठवड्यात, ४ डिसेंबरला, महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविका मानधन आणि ग्रॅच्युइटीसाठी संपावर गेल्या आणि सुमारे पन्नास दिवस अंगणवाड्या बंद राहिल्या. पोषण ट्रॅकर, गरम आहार, गृहभेटी, लसीकरणाच्या याद्या, कधी मतदारयादीचं काम, एवढं सगळं मानधनावर करणाऱ्या बाईला आणखी एक प्रोटोकॉल दिला की ती तो फाइलला लावणार, हे ओळखायला समिती नको.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. मदतनीस प्रत्येक अंगणवाडीत प्रत्यक्ष हजर असावी, कारण वरच्या निम्म्या गोष्टी दुसऱ्या हाताशिवाय होत नाहीत. जिल्हा केंद्रातल्या थेरपिस्टनं महिन्यातला एक दिवस अंगणवाडीत येऊन सेविकेला शिकवावं, फक्त मूल तपासून जाऊ नये. मुंबईतली 'उम्मीद' ही संस्था २००१ पासून मुलांबरोबरच समाजातल्या कार्यकर्त्यांनाही तयार करते. मनुष्यबळ उभं राहू शकतं, हे त्यावरून दिसतंच. प्रमाणपत्राची वाट न पाहता मदत सुरू व्हावी. चित्रांच्या पट्टीला टक्केवारी लागत नाही. आणि मूल पहिलीत जाताना सेविकेनं जिल्हा परिषदेच्या शाळेला एक पानाची माहिती द्यावी: तो कोणत्या आवाजाला घाबरतो, काय खातो, लघवीला जायचं असेल तर काय करतो, कशानं शांत होतो, कोणत्या मुलाशेजारी बसवला तर बसतो. आज त्या शाळेला मिळतात ती जन्मतारीख, आधार क्रमांक आणि वजन.